तालुक्याच्या मैदानापासून राष्ट्रीय रग्बी संघापर्यंत: खेळाडू घडवण्याचा क्रम

शालेय रग्बी स्पर्धेचं परिपत्रक येतं तेव्हा हातात जेमतेम दहा-बारा दिवस असतात. मग कबड्डीच्या संघातली धिप्पाड मुलं उचलली जातात, कुठून तरी एक बॉल आणला जातो आणि ‘समोरच्याला पाडा, बॉल घेऊन पळा’ एवढ्या शिदोरीवर संघ जिल्ह्याला जातो. एखाद्याचा खांदा निखळतो, चार-पाच मुलांना पेनल्टी का मिळाली हेच कळत नाही आणि स्पर्धा संपली की बॉल कपाटात जातो. पुढच्या वर्षी नवी मुलं, तोच प्रकार.

इथे क्रमच उलटा आहे. निवड आधी होते, शिकवणं नंतर होतं आणि शरीर घडवणं राहूनच जातं. राज्य आणि राष्ट्रीय शिबिरात पोहोचलेल्या मुलांना तिथे सोळाव्या-सतराव्या वर्षी कच्च्या बाजूला पास द्यायला शिकवावं लागतं, त्याचं मूळ या उलट्या क्रमात आहे.

काही देशांचे संघ परदेशात वाढलेल्या खेळाडूंनी भरतात, कारण जागतिक नियमांत आई-वडील किंवा आजी-आजोबांचा जन्म त्या देशात झालेला असेल, किंवा खेळाडू तिथे सलग ६० महिने राहिला असेल, तरी चालतं. आपल्याकडे २००८ च्या सरकारी धोरणाने भारताकडून खेळण्यासाठी भारतीय पासपोर्टची अट घातली आणि ऑलिंपिकला तर नागरिकत्व लागतंच. त्यामुळे आपला संघ इथल्या शाळांतूनच उभा राहणार आहे. हा लेख क्रीडाशिक्षकांसाठी, क्लबच्या प्रशिक्षकांसाठी आणि जिल्हा संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. पल्ला सात-आठ वर्षांचा धरा.

टप्पा १: पहिल्या शिट्टीआधीची तयारी

मैदान आधी बघा. सात-सात जणांच्या रग्बीसाठी, म्हणजे सेव्हन्ससाठी, पूर्ण मैदान साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद लागतं, पण पहिली दोन वर्षं त्याची गरजच नाही. ४० बाय ३० मीटरचा सपाट तुकडा, फक्की आणि शंकू पुरतात. मुरमावर पळणं, पास देणं, टॅग रग्बी खेळणं चालेल. मुरमावर टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडणं, शिकवणं चालणार नाही, कोणत्याही कारणाने. त्यासाठी गवत, वाळू किंवा मॅट शोधा. गावात कुस्तीची तालीम असेल तर वस्तादांशी बोला. मऊ केलेली लाल माती पडायला शिकण्यासाठी फार उत्तम जागा आहे. त्यांच्या वेळा आणि रीतिरिवाज पाळा, मुलींसाठी स्वतंत्र वेळ मागा. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की संपर्काचा सराव बाहेर आणता येतो. मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्याला धरून चालत आला, त्याचंही कारण हेच.

बॉल किमान सहा हवेत. एका बॉलभोवती तीस मुलं उभी राहिली तर तासाभरात एकेकाच्या हातात तो पाच-सहा वेळाच येतो. दहा-अकरा वर्षांपासून चौदापर्यंत ४ नंबरचा बॉल द्या, त्यानंतर ५ नंबर. लहान हातात ५ नंबर दिला की मूल तो छातीशी कवटाळायला शिकतं आणि ती सवय पुढे सुटत नाही.

स्वतःची तयारी विसरू नका. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे सुरक्षिततेचे आणि डोक्याच्या दुखापतीचे अभ्यासक्रम ऑनलाइन फुकट आहेत. ते पूर्ण केल्याशिवाय संपर्काचा सराव घेऊ नका. त्यानंतर प्रत्यक्ष मैदानावरचा लेव्हल १ अभ्यासक्रम राज्य संघटनेकडे विचारा.

पालकांची संमती मराठीत लिहून घ्या. त्यात ‘हा अंगाला अंग भिडणारा खेळ आहे’ हे स्पष्ट असू द्या. पालकसभेत दहा मिनिटांचा सामना मोबाइलवर दाखवा. लपवून सुरू केलेला खेळ पहिल्या दुखापतीला बंद पडतो.

> तपासा: प्रथमोपचार पेटी, बर्फाची सोय, जवळच्या दवाखान्याचा नंबर, गाडी कोणाची आणि सोबत कोण जाणार. ही पाच उत्तरं कागदावर नसतील तर सराव सुरू करू नका.

टप्पा २: मुलं जमवा, निवडू नका (वय १० ते १३)

या वयात ‘आमचा संघ’ असं काही नसतंच. येईल त्याला घ्या. बारीक, बुटकी, चष्मेवाली, सगळी. अकराव्या वर्षी उंच दिसणारा मुलगा बहुतेक वेळा फक्त लवकर वाढलेला असतो. पंधराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात. तोवर नुसत्या ताकदीवर ट्राय करत, म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे टेकवत, राहिल्यामुळे त्याने पास द्यायला शिकलेलं नसतं, आणि ज्यांना शिकायला मिळायला हवं होतं ते कधीच घरी गेलेले असतात. दोन्ही बाजूंनी तोटा.

मुलं कुठे शोधायची, हे आपल्याकडे अवघड नाही. खो-खोतला मुलगा हुलकावणी देतो, सूर मारतो, पडून क्षणात उठतो. कबड्डीतला खाली वाकून नजर ठेवतो. धावण्याच्या शर्यतीत चौथी-पाचवी येणारी मुलगी दुसरा खेळ शोधतच असते. त्यांना जुना खेळ सोडायला लावू नका. चौदा वर्षांपर्यंत दोन-तीन खेळ खेळणारं मूल शरीराने अधिक शहाणं होतं. कबड्डीच्या सरांशी वेळापत्रक वाटून घ्या. खेळाडूवरून दोन सरांत ओढाताण झाली की हरतं ते मूल.

निवासी शाळांकडे खास लक्ष द्या. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेतून भारताला एकामागून एक रग्बीपटू मिळाले. २०१९ मध्ये भारतीय महिलांनी पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय सिंगापूरविरुद्ध २१-१९ असा मिळवला, तेव्हा शेवटच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी मारणारी सुमित्रा नायक तिथेच घडली होती. तिथे जेवण वेळेवर मिळतं, सराव रोज होतो आणि घरी जायला दोन बस बदलाव्या लागत नाहीत. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या आश्रमशाळांत यातल्या दोन गोष्टी आधीच आहेत. कमी आहे ती प्रशिक्षकाची.

टप्पा ३: आधी हात, मग खांदा

पहिले तीन महिने टॅकल नाही. फक्त टॅग किंवा टच. टचमध्ये नुसता हात लावायचा. टॅगमध्ये कमरेच्या पट्ट्याला वेल्क्रोच्या पट्ट्या असतात. पट्टी ओढली म्हणजे पकड झाली. पट्टे नसतील तर ट्रॅक पँटमध्ये खोचलेल्या कापडी चिंध्याही चालतात.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा:

१. बॉल दोन्ही हातांत धरून पळणं. काखेत मारून पळणारा पास देऊ शकत नाही आणि हे समोरच्या बचावपटूला लगेच कळतं.

२. मागे पास. आपल्या मुलांनी फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल पाहिलेला असतो. पुढे द्यायची ऊर्मी अंगात मुरलेली असते. तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका. चार मुलांची तिरकी ओळ करून चालत-चालत पास द्यायला लावा, मग हळू पळत, मग वेगात. जागेवर उभं राहून पास शिकवणं ही सर्वांत पसरलेली चूक आहे, कारण सामन्यात उभं राहून पास जवळपास कधीच द्यावा लागत नाही.

३. कच्च्या बाजूचा पास. उजव्या हाताच्या मुलाला डावीकडे पास देणं सोपं जातं, उजवीकडे देणं जड. कोणती बाजू कच्ची आहे हे प्रत्येकाचं वेगळं लिहून ठेवा आणि कच्च्या बाजूला दुप्पट पास द्यायला लावा.

४. दोघांविरुद्ध एक. दहा मीटर रुंद पट्टीत दोन आक्रमक, एक बचावपटू. बचावपटूला आपल्याकडे ओढायचं आणि तो बांधला गेला की पास. रग्बीची निम्मी बुद्धी या एका खेळात आहे. पुढे तिघांविरुद्ध दोन, चौघांविरुद्ध तीन. सतराव्या वर्षीही हा सराव आठवड्यातून एकदा हवाच.

> सावधान: ‘आता पास दे!’ असं बाहेरून ओरडू नका. निर्णय तुम्ही घेतलात तर मूल तुमच्या आवाजाची वाट बघायला शिकतं. चुकू द्या, थांबवा, विचारा: ‘तुला काय दिसलं?’

टप्पा ४: टॅकल

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त शब्द खर्च करतोय, कारण दुखापती इथे होतात आणि चांगले खेळाडूही इथेच घडतात.

टॅकल करायला शिकवण्याआधी पडायला शिकवा. बॉल घट्ट, हनुवटी छातीकडे, आधी गुडघा, मग कुल्ला, मग खांदा. हात टेकवून पडणाऱ्या मुलाचं मनगट किंवा गळ्याजवळचं हाड मोडतं. दोन आठवडे फक्त पडणं आणि उठणं.

मग पायऱ्या: दोघेही गुडघ्यांवर, टॅकल करणारा गुडघ्यावर आणि बॉलवाला चालत, दोघेही चालत, मग हळू पळत, शेवटी वेगात, पण अरुंद पट्टीत. आधीची पायरी दोन्ही खांद्यांनी नीट जमल्याशिवाय पुढची नाही. जोड्या वजनाने लावा, इयत्तेने नको. आठवीच्या एकाच वर्गात ३५ किलोचा आणि ६५ किलोचा मुलगा शेजारी बसलेले असतात.

टॅकलमध्ये बघायच्या गोष्टी: डोळे उघडे आणि मान वर, पाठ सरळ, पुढचा पाय समोरच्याच्या जवळ, ज्या बाजूचा पाय त्याच बाजूचा खांदा, बाजूने टॅकल करताना डोकं बॉलवाल्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे गाल त्याच्या कुल्ल्यामागे, दोन्ही हातांची मिठी, आणि पाय चालूच. डोकं त्याच्या पुढे गेलं की गुडघा थेट कानशिलावर बसतो. ही एक चूक दिसली की शिट्टी मारा आणि दोन पायऱ्या खाली जा.

आता कबड्डीबद्दल. कबड्डीचा खेळाडू टॅकल लवकर शिकेल असं सगळे धरून चालतात. धैर्य आणि वेळ साधणं त्याच्यात असतं, हे खरं. पण चार सवयी मोडाव्या लागतात:

- घोटा पकड. तो मान खाली घालून पायावर झेप घेतो. चढाईपटू सहा-सात मीटरच्या पट्टीत असतो, रग्बीत समोरचा पूर्ण वेगात येतो. लक्ष्य मांडी ते कंबर ठेवा.
- धक्का. मैदानाबाहेर ढकलण्यासाठी हात न लावता खांदा मारणं कबड्डीत कौशल्य आहे. रग्बीत हातांची मिठी नसलेला टॅकल बेकायदा आहे.
- उचलणं. पट टाकून चढाईपटूला उचलून मागे नेतात. रग्बीत एखाद्याला उचलून डोक्यावर किंवा खांद्यावर आपटलं तर लाल कार्ड मिळतं, आणि मिळायलाच हवं.
- धरून ठेवणं. ही सर्वांत चिवट. कबड्डीत पकड झाली की चढाई संपते, म्हणून पंचाची शिट्टी येईपर्यंत सोडायचं नसतं. रग्बीत टॅकलनंतर खेळ सुरू राहतो. पाडणाऱ्याने लगेच सोडून बाजूला व्हायचं, पडलेल्याने लगेच बॉल ठेवायचा किंवा द्यायचा. जिल्हा पातळीवरच्या निम्म्याअधिक पेनल्टी मी याच क्षणी पाहिल्या आहेत.

म्हणून टॅकलचा सराव कधीच ‘पाडलं, झालं’ इथे थांबवू नका. प्रत्येक टॅकल ‘पाड, सोड, ऊठ’ असा तीन शब्दांत पूर्ण करा. मुलांना मोठ्याने म्हणायला लावा. दोन सेकंदांत पायांवर उभा राहणारा खेळाडू पुढे राज्याच्या निवड चाचणीत लगेच नजरेत भरतो.

खो-खोवाल्यांसाठी वेगळी सूचना: खांबाजवळचा सूर ट्राय टेकवताना उपयोगी पडतो, पण पडलेल्या बॉलच्या गर्दीवर सूर मारणं धोक्याचं आणि नियमबाह्य आहे. या गर्दीत, म्हणजे रकमध्ये, आपल्या बाजूने, पायांवर राहूनच यायचं.

स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटणं, सेव्हन्समध्ये दर बाजूला तिघांचाच असतो, तरी प्रशिक्षित माणूस हजर नसेल तर तो शिकवू नका. मानेशी प्रयोग नको.

> थांबा: डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलं, अडखळलं, चक्कर किंवा डोकेदुखी म्हणालं, तर ते त्या दिवशी परत मैदानात जाणार नाही. अंतिम सामना असला तरी नाही. पहिले २४ तास त्याला एकटं सोडू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, झटका यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. मान दुखते म्हणालं तर जागचं हलवू नका. परतणं डॉक्टरांच्या परवानगीने आणि टप्प्याटप्प्याने. मी २१ दिवसांच्या आत कोणालाही संपर्काच्या खेळात उतरवत नाही.

टप्पा ५: वाढतं शरीर

दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा. मुलींची झपाट्याची वाढ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास होते, मुलांची चौदाव्या. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली की उड्या आणि वेगाचा भार कमी करा. या काळात धडपडणं वाढतं, गुडघ्याखाली दुखतं, पास चुकायला लागतात. ‘आळशी झालास’ असं म्हणून याच काळात मुलं गमावली जातात.

ताकदीसाठी जिम लागत नाही. जोर, बैठका, दोर चढणं, जोडीदाराला पाठीवर घेऊन चालणं, मानेचे हलके व्यायाम. सरावाआधी वर्ल्ड रग्बीचा ‘ॲक्टिव्हेट’ हा वॉर्मअप आठवड्यातून तीनदा नियमाने करा. दुखापती कमी करण्यासाठीच तो बनवलाय आणि साधनं लागत नाहीत. वजन उचलणं सुरू करायचं तर आधी रिकामी काठी, तंत्र पक्कं झालं की मगच भार.

खाणं हा आपल्याकडचा सर्वांत दुबळा दुवा. सरावानंतर अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलं पाहिजे: भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, केळं, उकडलेली अंडी. मुलींचं हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासून घ्या. दम लागणाऱ्या मुलीला जास्त पळवण्याआधी ही तपासणी हवी. बाजारातल्या प्रोटीन पावडरी टाळा. त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते आणि राष्ट्रीय स्पर्धेत उत्तेजक चाचणी झाली तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

टप्पा ६: सामने

वर्षातून एक जिल्हा स्पर्धा म्हणजे दोन-तीन सामने, कदाचित एकच. त्यातून खेळाडू घडत नाही. आसपासच्या चार शाळा गाठा आणि महिन्यातून एका रविवारी छोटे सामने भरवा. आधी चार-चार जणांचे, मग पाच-पाच, शेवटी सात. सगळ्यांना सारखी मिनिटं आणि दर सामन्यात वेगळी जागा. चौदा वर्षांपर्यंत कोणी ‘विंगर’ नाही, कोणी ‘प्रॉप’ नाही.

सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा, पण स्पर्धेत दिवसाला दोन-तीन खेळावे लागतात. म्हणून सरावातही सामना, दीड तास विश्रांती, पुन्हा सामना असा दिवस महिन्यातून एकदा ठेवा. ट्रायनंतरची दोन गुणांची किक, म्हणजे कन्व्हर्जन, सेव्हन्समध्ये ड्रॉप किकने (बॉल जमिनीवर टाकून तो उसळताच) मारतात, तीही थकलेल्या पायांनी सराव करून घ्या. दोन गुणांवर हरलेले संघ पुष्कळ आहेत.

टप्पा ७: निवड, आणि ती शेवटीच

पंधरा-सोळाव्या वर्षी निवडीला सुरुवात करा. एका दिवसाची चाचणी घेऊ नका. आठवड्याच्या अंतराने तीन सत्रं घ्या. पहिल्या दिवशी परीक्षेचं जागरण, प्रवास, उपाशीपोट असं काहीही असू शकतं.

मोजायच्या गोष्टी थोड्या: १० आणि ४० मीटर धाव, उभी उडी आणि ब्राँको. ब्राँकोत २०, ४०, ६० मीटरची जा-ये पाच वेळा, एकूण १,२०० मीटर, न थांबता. हे आकडे खेळाडूने मागच्या वेळच्या स्वतःशी ताडायचे आहेत. निवडीचा निम्म्याहून जास्त भार सामन्यातल्या वागण्यावर ठेवा: पडल्यावर किती लवकर उठतो, कच्च्या बाजूला पास देतो का, चूक झाल्यावर पुढची वीस सेकंदं काय करतो.

‘नाही’ म्हणताना कारण सांगा आणि परत यायची तारीख द्या. उशिरा वाढणारी मुलं सतराव्या-अठराव्या वर्षी उमलतात.

> तपासा: निवड झालेल्यांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेलेच जास्त दिसतायत का? मग तुम्ही कौशल्याऐवजी वय निवडलंय. आणि जन्मदाखल्यात कोणी फेरफार सुचवला तर तिथेच नकार द्या. वय लपवून जिंकलेला चौदा वर्षांखालचा संघ पुढे एकही राष्ट्रीय खेळाडू देत नाही.

टप्पा ८: दहावीचा कडा आणि पुढचा रस्ता

सगळ्यात जास्त खेळाडू दहावीला सुटतात. नववीच्या उन्हाळ्यातच पालकांना बोलवा आणि दहावीसाठी आठवड्यातून दोन दिवसांचं हलकं वेळापत्रक लिहून द्या. पूर्ण बंद केलेलं मूल जूनमध्ये परत येत नाही. क्रीडा गुणांची सवलत आणि नोकरीतलं आरक्षण कोणत्या पातळीच्या कोणत्या स्पर्धेला लागू आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून चालू वर्षाच्या शासन निर्णयासह लेखी घ्या. ऐकीव माहितीवर पालकांना शब्द देऊ नका.

मुलींच्या बाबतीत अडचणी वेगळ्या आहेत आणि बहुतेक सोडवण्याजोग्या आहेत. कपडे बदलायला बंद खोली, प्रवासात महिला व्यवस्थापक, अंधार पडण्याआधी संपणारा सराव. शॉर्टखाली पूर्ण लांबीची टाइट्स घालायला नियमांची आडकाठी नाही, हे घरी आवर्जून सांगा. पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांनी फिजिओथेरपीचं शिक्षण घेत भारताचं नेतृत्व केलं, हे उदाहरण शिक्षणाची काळजी असलेल्या पालकांना लगेच पटतं.

कागदांची फाइल बाराव्या वर्षापासूनच सुरू करा: जन्मदाखला, आधार, बोनाफाइड, प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, दुखापतींची नोंद. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे अक्षरशः सारखी हवी. जिल्हा आणि राज्य संघटनेची नोंदणी दर हंगामाला तपासा. अठरा वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेच्या शिबिरासाठी बोलावणं येऊ शकतं, म्हणून राज्य संघात पोहोचलेल्या मुलाचा पासपोर्ट त्याच वर्षी काढा. तो नसल्यामुळे घरी राहावं लागलं, असं एकाही मुलाच्या बाबतीत होऊ नये.

शिबिराला जाताना खेळाडूसोबत एक पानाचं पत्र द्या: तीन महिन्यांचे ब्राँकोचे आकडे, उंची-वजन, कच्ची बाजू, झालेल्या दुखापती, सध्याचा व्यायाम. परत आल्यावर तिथल्या प्रशिक्षकांनी काय बदलायला सांगितलं ते त्याच पानामागे लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवसापासून तेच करून घ्या.